आखाजीचा मुराळी

आमची शाळा दोन खोल्यांची होती. पुढे पडवी, पडवीसमोर अंगण आणि अंगणाच्या टोकाला गावाचा हातपंप. शिंदखेडा तालुक्यातल्या त्या गावी मी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शिक्षक म्हणून रुजू झालो. तोवर तालुका हा माझ्यासाठी अर्जावर गावाच्या नावानंतर लिहायचा एक शब्द होता. मी रावेरकडचा, केळीच्या बागांतला. आमच्याकडे घराबाहेर पडलं की चार पावलांवर हिरवं लागतं. इथे बाजरी, कापूस, मिरची, आणि उन्हाळ्यात नुसती तापलेली काळी जमीन. पहिले काही महिने मी या तालुक्यात पाहुण्यासारखा राहिलो.

माझी पत्नी गेल्याला आता सव्वा वर्ष होत आलं. हे लिहायला मी बरेचदा बसलो आणि एखादी ओळ लिहून उठलो. तिच्याबद्दल लिहायचं तर या तालुक्यापासून सुरुवात करावी लागते, हे उशिरा लक्षात आलं.

तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा भूगोल होता. वर्गात धुळं पाहिलेली मुलं तीन. जिल्हा म्हणजे काय ते बाकीच्यांना कसं कळणार? म्हणून मी ठरवलं, आधी तालुका शिकवू. पंचायत समितीत मासिक सभेला जायचो, तिथल्या भिंतीवर एक जुना नकाशा टांगलेला होता. दोन सभा चालू असताना तो मी मागच्या बाकावर बसून वहीत उतरवला. मग पडवीच्या भिंतीला चुना दिला आणि नकाशा काढला. हद्द गेरूची, नद्या निळीच्या, रेल्वे काजळीची. वर तापी, तिला येऊन मिळणारी बुराई, सुरतेकडे जाणारा रूळ आणि त्यावर नरडाण्याच्या स्टेशनाचा लहानसा चौकोन. गावांना गेरूचे ठिपके.

मुलांनी तो नकाशा दोन दिवसांत पाठ केला आणि सोडून दिला. तो खरा वापरला बायांनी.

हातपंपावर नंबर लावून त्या पडवीत टेकायच्या. एके दिवशी आमच्या शेजारची अक्का, सत्तरीची, तोंडाने फटकळ, भिंतीसमोर उभी राहून मला म्हणाली, "गुरुजी, येनामा मनं माहेर कोठे शे?"

मी छडीने ठिपका दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "दखा वं, मनं गाव स्टेशनजवळ शे. तुमनं कोठे शे ते सांगा."

त्यानंतर रोज कोणी ना कोणी यायची. वाचता येणारी त्यांच्यात एखादीच. पण एकदा ठिपका दाखवला की पुन्हा विचारावं लागत नसे. कळशी भरेपर्यंत बोट ठेवून उभं राहायचं, शेजारणीचं माहेर आपल्यापेक्षा लांब असलं तर तिला दोन शब्द ऐकवायचे, आणि जायचं. तेलकट बोटांनी काही ठिपके काळे पडले. तालुका म्हणजे कोणत्या गावची मुलगी कोणत्या गावी दिली आहे याचं जाळं, हे मला त्या काळ्या ठिपक्यांनी शिकवलं. तहसील कचेरीचा नकाशा वेगळा आणि हा वेगळा.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर माझी पत्नी कळशी घेऊन आली. अंगणात कोणी नव्हतं. भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, "माझं माहेर कुठे येईल हो?"

ती बोदवडची. आईवडील लहानपणीच गेलेले, मामाने वाढवलेली. आमचं लग्न झाल्यावर तिसऱ्या वर्षी मामा गेला. मामी मुलाकडे सुरतेला राहायला गेली, बोदवडचं घर विकलं गेलं. त्यांची पत्रं आधी उशिरा आली, मग आलीच नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. पण मी मास्तर माणूस. मी वितीने नकाशा मोजला, अंतराचा हिशेब केला आणि सांगितलं, "या मापाने बोदवड काढायचं तर भिंत पुरणार नाही. ते हातपंपापाशी येईल."

तिने हातपंपाकडे पाहिलं. "मग बरं आहे," ती म्हणाली. "मी रोज माहेरी जाऊन पाणी आणते."

ती हसत होती. मीही हसलो. रात्रीचं जेवण झाल्यावर मला ते वाक्य पुन्हा आठवलं आणि मग पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

आम्हाला मूल नव्हतं. गावातल्या बायांची बोली आणि तिची बोली यांत पुष्कळ अंतर. तिला समजायचं सगळं, पण तोंड उघडायचा संकोच. दिवसभर घरात एकटी. अंगाने बारीक होत चालली होती. मी माझ्या परीने उपाय शोधला. इकडचेच एक शिक्षक भुसावळकडे, आमच्या रावेरच्या बाजूला, नोकरीला होते, त्यांना घरी परत यायचं होतं. दोघांनी आपसांत बदली घ्यायची, असं पत्राने ठरलं. मे महिना संपायच्या आत माझं संमतीपत्र त्यांच्याकडे पोचायला हवं होतं. मी ते लिहून, सही करून एका पुस्तकात ठेवलं. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही न्याल तिथे."

तिकडे गेलो तरी तिला मिळणार ते सासरच, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अशात आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि हा सण आमच्याकडे दिवाळीच्या वरचा. गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, खापरावर पुरणपोळ्या होतात, आमरस होतो, निंबाला झोके बांधतात. पण सणाचा जीव असतो तो सासरहून आलेल्या लेकींत. सणाआधी दोन-चार दिवस माहेरहून मुराळी येतो, भाऊ किंवा काका, आणि लेकीला घेऊन जातो. त्या दिवसांत गावातल्या सगळ्या सुनांचे कान रस्त्याकडे. दमणीच्या बैलांच्या घुंगरांवरून ओळखायच्या की कोणाचा मुराळी आला. एकेक जात होती. आमच्या गल्लीत शेवटी शेजारची अक्का उरली, कारण तिला न्यायला कोणी जिवंत राहिलं नव्हतं, आणि माझी पत्नी उरली.

शाळा सकाळची होती. अकराच्या सुमाराला घरी आलो तर दारातल्या निंबाखाली एक दमणी सोडलेली. बैल पाणी पिऊन रवंथ करत होते. दमणीत कडब्यावर नवी गोधडी अंथरलेली. घरात एक म्हातारा बाबा पाटावर बसून भाकरी खात होता आणि माझी पत्नी त्याच्यासमोर बसून त्याला वाढत होती. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. परक्या म्हाताऱ्या माणसासमोर तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. डोळे रडून लाल झालेले.

मी काही विचारणार तोच ती उठून मला मागच्या दाराशी घेऊन गेली. हळू आवाजात म्हणाली, "ते घर चुकलेत. त्यांना आधी जेवू द्या."

झालं होतं ते असं. ते म्हातारे म्हणजे आबा. ते बुराईपलीकडच्या एका गावाहून पहाटे निघून आले होते. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी गेल्या वर्षी आमच्या गावी दिलेली, तिची ही पहिली आखाजी. मुराळी म्हणून तिचा भाऊ येणार होता, तो तापाने पडला, म्हणून आबा निघाले. पुतणीचं सासर त्यांनी लग्नाच्या गर्दीत एकदाच पाहिलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. "शाळामांगे निंबनं झाड शे तेच घर," एवढी खूण त्यांना सांगितलेली. शाळेमागे निंबाची झाडं दोन होती.

दारात येऊन त्यांनी हाक मारली. माझी पत्नी पुढे आली आणि अनोळखी वडीलधारं माणूस पाहून तिने रीतीप्रमाणे पदर तोंडावर ओढला. आबा म्हणाले, "वं बाई, मनापुढे कसाले पदर लेस? मी तुना काका शे."

माहेरच्या माणसासमोर पदर घेत नाहीत. मामा गेल्यापासून तिला हे कोणी म्हटलं नव्हतं. तिने पदर मागे घेतला आणि तिला रडू आलं. आबांना वाटलं, पहिल्या आखाजीला लेकी रडतातच. म्हणाले, "रडू नको वं माय. लेवालेच उनू ना तुले." तिला न्यायलाच तर ते आले होते. मग तिने हातपाय धुवायला पाणी दिलं, बैलांना पाणी दाखवलं आणि पीठ मळायला घेतलं.

आता हे आबांना सांगायचं कसं, याचा मी विचार करत उभा राहिलो. तेवढ्यात अक्का भिंतीवरून डोकावली. दमणी तिने केव्हाच पाहिली होती.

"आबा, कोनले लेवाले उनात?"

आबांनी पुतणीच्या सासऱ्याचं नाव सांगितलं. अक्का आत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ते घर पलीकडलं. आनि तुमनी पोर ते सकायमाच यष्टीमा बठीसन गयी. मुराळी येस नही म्हनीसन तिना दीर धाडाले गया."

आबांचा घास हातात राहिला. "मंग ही कोन शे?"

"ही गुरुजीनी बायको." अक्काने ताटाकडे पाहिलं. "पोर चुकनी आबा, पन भाकर नही चुकनी."

आबा हसले नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्या पत्नीच्या दिशेला पाहिलं. त्यांना तिचा चेहरा धड दिसत नसणार. "तुले मालूम व्हतं ना?"

तिने होकार दिला.

"मंग सांगं का नही?"

ती खाली बघून म्हणाली, "तुम्ही मी तुझा काका म्हणालात. मला वाटलं, जेवण होईस्तोवर तरी राहू द्यावं."

बाहेर बैलाच्या गळ्यातलं घुंगरू तेवढं वाजत होतं. आबांनी हातातला घास खाल्ला, ताटातली उरलेली भाकरी संपवली, ताटातच हात धुतला. मग विचारलं, "तुनं माहेर कोठे शे?"

तिच्याऐवजी मी उत्तर दिलं. बोदवडला होतं, आता तिथे कोणी नाही. तिच्या माहेराविषयी एवढंच सांगण्यासारखं होतं.

आबा बाहेर जाऊन दमणीजवळ उभे राहिले. गोधडीवर हात फिरवला. त्यांच्या घराची एक समजूत होती, ती मला नंतर कळली. लेकीला आणायला जोडलेली दमणी रिकामी परत न्यायची नाही. नेली तर घरच्या लेकींचं येणंजाणं तुटतं. त्या समजुतीचा मान राखायला लोक परतीच्या वाटेवर गावातली दुसरी एखादी लेक बसवून आणायचे. पण आमच्या गावी त्यांच्या गावची दुसरी लेक दिलेली नव्हती.

"गोधडी पोरनी मायनी आथरी देयेल शे," ते म्हणाले. "येवढा लांब लेवाले उनू. आते रिकामी दमणी कशी लई जाऊ?" आणि मग अगदी साधेपणाने, "चाल वं बाई. तू चाल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाचणारा, मागचापुढचा विचार करणारा माणूस. ओळख ना पाळख. गाव काय म्हणेल, ते लोक काय म्हणतील, आणि उद्या काही कमीजास्त झालं तर? अक्काने माझी अडचण ओळखली. म्हणाली, "गुरुजी, इतला ईचार परीक्षामा करा. धाडी द्या तिले."

मी म्हणालो, "जा."

माझ्या हातून तिच्यासाठी काय काय राहून गेलं याची यादी गेल्या सव्वा वर्षात मी मनात पुष्कळदा केली आहे. ती लांब आहे. पण तो एक शब्द मी वेळेवर बोललो.

ऊन उतरल्यावर दमणी निघाली. चार दिवस मी अक्काकडे जेवलो आणि तिचे टोमणे खाल्ले. "गुरुजीनी बायको अदलाबदलमा गयी" असं ती हातपंपावर सांगत सुटली होती. पाचव्या दिवशी घुंगरं वाजली. पत्नी उतरली, तिच्या मागोमाग आबांनी सामान उतरवलं. सांजोऱ्यांनी भरलेली बांबूची डाली, कुरडया, वाळलेल्या मिरच्या. तिची ओटी भरलेली होती. उन्हाने रापली होती, आणि मी न विचारता बोलत होती. मी ऐकत बसलो.

पुतणी यष्टीने आधीच पोचली होती. दमणीतून आणखी एक बाई उतरलेली पाहून घरातली माणसं आधी चमकली, मग आबांनी सगळी हकिगत सांगितल्यावर पुतणीची आई म्हणाली, "एक लेवाले धाडं, दोन उन्यात." सगळं घर हसलं, आणि त्या हसण्यात हीसुद्धा धरली गेली. त्या बाईला मग ती माय म्हणू लागली. झोक्यावर बसली. गौराईची गाणी म्हणताना बोदवडकडची एक ओळ तिने म्हटली, ती त्या मुलींनी आपल्या गाण्यात घालून घेतली. तोंड उघडायचा तिचा संकोच कुठे गेला, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि नकाशासमोर उभी राहिली. "तुमचं चुकलंय," म्हणाली. "आबांचं गाव नदीच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. मी ओलांडली नदी, दगडांवरून. आणि मधे एक वस्ती आहे, ती तुम्ही काढलीच नाही."

मी वही काढून पाहिली. सभेत घाईने उतरवताना ठिपका खरंच नदीच्या चुकीच्या काठावर पडला होता. वर्षभर मी मुलांना तसंच शिकवलं होतं. मी तो ठिपका खरवडला, चुना लावला आणि ती दाखवेल तिथे गेरूचा नवा ठिपका दिला. ओल्या गेरूवरच तिने बोट ठेवलं. ठसा उमटला, तो मी पुसला नाही.

संमतीपत्राची आठवण तिनेच काढली. भाकरी थापता थापता म्हणाली, "आपण तिकडे गेलो, तर आबा दमणी कुठवर आणतील?"

मी दुसऱ्या दिवशी भुसावळच्या त्या शिक्षकांना कार्ड टाकलं, माझं येणं होत नाही म्हणून. कारण लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्यांना पटलं नसतं. त्यांना घरी यायला आणखी दोन वर्षं लागली. त्यांची मी नंतर भेटून क्षमा मागितली.

मग बारा आखाज्या झाल्या. माझ्या तालुक्यातल्या तालुक्यात तीन बदल्या झाल्या. एकदा तापीकाठच्या गावी, एकदा रेल्वेच्या पलीकडे, एकदा अगदी हद्दीवर. आबांनी प्रत्येक गाव शोधून काढलं. मधल्या एका वर्षी शिबिरात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या आखाजीला दमणीतून उतरून त्यांनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "तू ते पुतणीथून हातभर उंच शे. डोया चांगला ऱ्हातात ते तू गवसतीच नही."

आबा गेले तेव्हा तिने लग्न झालेल्या लेकीचं तीन दिवसांचं सुतक पाळलं. माझ्या वहिनीने रावेरहून पत्रात विचारलं, हे कशाचं सुतक? मी ते पत्र तिला दाखवलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. पुढल्या आखाजीला आबांचा मुलगा आला. त्याला ती भाऊ म्हणायची. आधी तो यष्टीने यायचा, पुढे मोटारसायकल घेतली. तिला गाडीच्या वेगाची भीती वाटे. तो जाणूनबुजून जोरात नेई आणि ती त्याला रस्ताभर शिव्या घाली, असं दोघंही येऊन मला वेगवेगळं सांगायचे.

तिचं दुखणं आठ महिने चाललं. धुळ्याच्या दवाखान्यात आम्ही बरेच राहिलो. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पौषातल्या एका सकाळी, कोवळं ऊन दारात आलेलं असताना, ती गेली.

निरोप गेले. रावेरला फोन लागला, माझे भाऊ आणि वहिनी जीपने निघाले. बुराईपलीकडच्या त्या गावी फोन फक्त किराणा दुकानात होता. तिथे कोणीतरी उचलला आणि मधेच आवाज तुटला. निरोप पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. ते माहेरच्या माणसांनीच आणायचं असतं. दुपार व्हायला आली, रावेरची माणसं पोचली, तयारी झाली, आणि बायांमध्ये तोच प्रश्न निघाला. वहिनी चांगल्या मनाची आहे, पण व्यवहाराची. ती म्हणाली, "हिला माहेर नाही. बाजारातून एक पातळ आणा, तेच माहेरचं म्हणून घालू." एक जण चपला घालून उठलासुद्धा.

मला बोलायचं होतं. तिला माहेर आहे, थोडं थांबा. पण दुकानातला तो तुटलेला आवाज आठवत होता. आणि मनात दुसरीही भीती होती. सणाला नेणं वेगळं, मरणाला येणं वेगळं. लोकांनी आनंदाने जे केलं त्यावर मी हक्क कसा सांगणार? मी भिंतीला टेकून बसून राहिलो. बारा वर्षं तिने ज्याला आपलं म्हटलं ते खरंच तिचं होतं की नाही, हे आता थोड्याच वेळात ठरणार होतं, आणि ते ती गेल्यावर ठरणार होतं.

टेम्पोचा आवाज आला तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. ते दिवस कापसाचे. कापूस वाहणारे टेम्पो रस्त्याने सारखे जात. हा दारात थांबला. मागचं फळकुट पडलं आणि त्यातून बाया उतरल्या, दहा-बारा, एकमेकींना हात देत. आबांची पुतणी होती, भाऊ होता. आधीच्या खेपेचा कापूस टेम्पोत राहिलेला, तो त्यांच्या पदरांना आणि केसांना चिकटलेला. सगळ्यांच्या शेवटी माय उतरली. आता फार म्हातारी झालेली. काखेत कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं.

ती सरळ आत आली. वहिनीने विचारलं, "तुम्ही कोण?"

"हिनी माय," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळून, उशीर झाल्याची लाज वाटल्यासारखी म्हणाली, "शिंदखेडानं दुकान दहाले उघडस, गुरुजी. पायरीवर बठी व्हतूत."

तिने लुगड्याची घडी मोडली आणि चौघींनी मिळून ते घातलं. तेव्हा मी रडलो. त्याआधी मला रडू आलं नव्हतं.

त्या वर्षीच्या आखाजीला माझ्या भावांनी मला रावेरला बोलावलं. तिच्या नावाची पहिली घागर सासरी भरायची, हे रीतीला धरूनच होतं. मी येतो म्हणून कळवलं. पिशवी भरली, दोन पुस्तकं घातली. आदल्या दिवशी सकाळी नरडाण्याहून पॅसेंजर धरायची होती. कुलूप हातात घेऊन दारात उभा होतो, तर मोटारसायकल आली.

भाऊने गाडी सावलीत लावली. पाणी प्यायला. माझ्या पिशवीकडे पाहिलं. मला वाटलं, सणाचं म्हणून भेटायला आला असेल. न्यायला येण्यासारखं आता घरात कोणी नव्हतं. तेवढ्यात माझं लक्ष गाडीकडे गेलं. मागच्या सीटवर चौपदरी घडी केलेली गोधडी बांधली होती.

"मायनी बांधी दिन्ही," तो म्हणाला. "सीट तापस. चला गुरुजी."

मी रावेरला फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि त्याच्या मागे बसलो. त्याने गाडी हळू चालवली. बुराई कोरडी होती. पात्रातून जाताना मी ते दगड पाहिले.

आबांच्या घरी ओसरीवर कुंभाराकडून आणलेल्या दोन लाल घागरी मांडलेल्या. एक आबांची. गल्लीतला एक म्हातारा म्हणाला, दिलेल्या लेकीची घागर माहेरी भरत नाहीत. मायने त्याच्याकडे न पाहताच उत्तर दिलं, "तिना सासरना मानूस भरी ऱ्हायना. तो काय, बठेल शे." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उठलो, विहिरीवरून पाणी आणलं आणि घागर भरली. मायने वर खरबूज ठेवलं. मी हात जोडले. तिचं नाव मनात घेतलं आणि नंतर आबांचंही घेतलं.

पुरणपोळी आणि रस जेवलो. अंगणात पोरी झोक्यावर गात होत्या. बोदवडकडची ती ओळ अजून त्यांच्या गाण्यात आहे. ती कुठून आली हे त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही.

निघताना मायने माझ्या हातात सांजोऱ्यांची डाली दिली. पुरुषाच्या हातात माहेरची डाली, मला थोडं अवघडल्यासारखं झालं. डाली रिकामी झाली की कशी पोचवू, असं मी विचारलं.

"आखाजीले लई या," ती म्हणाली.